तट्टू काटक आहे, म्हणून काय?

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि पलीकडे आळंद. या पट्ट्यात घोडं बाळगणाऱ्या कुणाशीही शिवरात्रीनंतर बोलायला बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘दख्खनी तट्टू आहे, त्याला काय धाड भरलीय?’ त्यामागोमाग बाकीचं येतंच. खरारा, खुरांची निगा, दाण्याचं मोजमाप हे सगळे पुण्या-मुंबईच्या रेसच्या घोड्यांचे लाड. आपलं जनावर कडबा खाऊन, उन्हात उभं राहून, रात्रभर वरातीत नाचून पिढ्यान्‌पिढ्या जगलंय. शिवाय आपल्याकडं वसंत असतोच कुठं? थंडी गेली की थेट ऊनच. लगीनसराई तोंडावर आलेली असताना घोडीच्या मागं खरारा घेऊन फिरायला वेळ कुणाला आहे? सराई उरकली की बघू.

हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. उलट घोड्यांत जन्म काढलेली आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकणारा गप्प बसतो. मला मात्र ते पटत नाही.

वसंताच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करू. घोड्यांच्या वसंतातल्या निगेबद्दल जे छापलं जातं ते बहुतेक थंड मुलखातलं असतं. हिवाळाभर अंगावर टाकलेल्या झुली उतरवा, दाट वाढलेले केस झडतील ते काढा, कुरणात नवं गवत आलंय तर घोडा एकदम मोकळा सोडू नका. बीदरच्या माणसानं हे वाचून हसावं हे साहजिक आहे. घोड्याचे केस झडतात ते मुख्यतः दिवस मोठा होत गेल्यामुळं. युरोपात हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत सात-आठ तासांचा फरक पडतो, आपल्या अठरा अक्षांशांवर जेमतेम सव्वादोन. त्यामुळं आपल्या घोडीचा हिवाळी कोट मुळातच पातळ, आणि फाल्गुनात तो गळतो तेही गाजावाजा न करता. झुलीचं म्हणाल तर आपल्याकडं झूल हा मिरवणुकीचा दागिना.

म्हणून ती यादी आपली नाही. पण ती यादी आपली नाही म्हणजे आपल्याला यादीच नको, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तिकडचा घोडा हिवाळ्याच्या हालातून सुटून हिरव्या गवतात जातो. आपला उलटा प्रवास करतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याचे बरे दिवस: बांधावर हिरवं, विहिरीला पाणी, हवेत गारवा, रब्बी हातातोंडाशी आलेली. होळी झाली की हिरवं संपतं, पाणी खाली जातं, कलबुर्गीकडच्या काळ्या रानात पारा चाळिशी ओलांडायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच वर्षातलं सगळ्यात जास्त काम सुरू होतं. ज्याचे पुढचे दिवस चांगले त्याची तयारी थोडी चुकली तर चालते. ज्याचे पुढचे तीन महिने वर्षातले सगळ्यात वाईट, त्याला तयारी नको म्हणणं मला समजत नाही.

आता काटकपणा. दख्खनी घोडा काटक आहे यात वाद नाही. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडंच स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं, देशातली आठवी. तीच भीमा पुढं गाणगापूरवरून कलबुर्गी जिल्ह्यातून वाहते, तेव्हा हे आपल्या दारचंच जनावर. पण हा काटकपणा आभाळातून पडला, आणि त्यात माणसाच्या हाताचा काही वाटा नाही, असं जे गृहीत धरलं जातं ते इतिहासाला धरून नाही.

बीदर बहामनींची राजधानी होतं तेव्हाची गोष्ट. १४७० च्या आगेमागे अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि जुन्नरवरून बीदरला आला. सोबत विकायला एक घोडा. जुन्नरच्या खानानं तो अडकवून ठेवला, मिनतवारीनं सुटला, आणि अखेर बीदरला विकला गेला. या गृहस्थानं आळंदच्या जत्रेचं वर्णन करून ठेवलंय. तिथल्या पिराच्या कबरीपाशी दहा दिवस बाजार भरायचा आणि वीस हजारांपर्यंत घोडी विकायला यायची. आकडा फुगवलेला असेल, व्यापारी माणूस. पण घोड्यांना काय खायला घालतात हे त्यानं जवळून पाहिलेलं दिसतं: कडधान्य, आणि वर साखर नि तेल घालून शिजवलेली खिचडी. बीदरला राजधानी आणणाऱ्या अहमदशाह वलीच्या आज्ञेनं शालिहोत्राच्या परंपरेतला अश्ववैद्यकाचा ग्रंथ फारसीत उतरवला गेला. ज्या मुलखात घोड्याच्या औषधासाठी ग्रंथ भाषांतरित होत होते, त्याच मुलखात आज ‘त्याला काय लागतंय’ ऐकायचं.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते बिनतोड वाटतं: ते घोडे अरबस्तानातून, इराणातून गलबतानं आलेले. इथली हवा त्यांना मानवायची नाही, म्हणून ते लाड. आपल्या तट्टाला कोण खिचडी घालत होतं?

खिचडी नसेल घातली. पण मग शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला गेलेलं पत्र काढून वाचा. रयतेला तोशीस देऊ नका असं बजावणारं म्हणून ते पत्र सगळ्यांना माहीत आहे, भाषणांतून दरवर्षी येतं. त्यातला घोड्यांचा भाग मात्र कुणी वाचत नाही, आणि पत्राचा मोठा हिस्सा तोच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं हे पत्र. दाणा-वैरणीचा साठा पावसाळाभर पुरवायचा आहे. आत्ता मन मानेल तसा उडवलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग गवताच्या गंजींजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा तेवत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत बारकावे. ही सगळी काळजी अरबी घोड्यांची नव्हे, याच दख्खनी घोडदळाची, ज्याच्या काटकपणाचे आपण गोडवे गातो. राजा स्वतः उंदरापर्यंत विचार करतो, आणि एका घोडीचा मालक म्हणतो सराई उरकल्यावर बघू.

त्या घोडदळाचं वर्षच ठरलेलं होतं. दसऱ्याला बाहेर, पावसाळ्याआधी छावणीत. पागेत मोतद्दार, नालबंद, चंदीचा हिशेब ठेवणारा कारकून. काटकपणा टिकला तो या माणसांच्या रोजच्या हातकामावर. ती व्यवस्था गेली, जनावर उरलं, आणि आता आपण उरलेल्या जनावराकडं बोट दाखवून म्हणतो की याला व्यवस्थेची गरज नव्हतीच. २०१९ च्या पशुगणनेत देशातली घोडी आणि तट्टं मिळून तीन लाख चाळीस हजार भरली. सात वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा ही घट सुमारे ४५ टक्के. याचं कारण केवळ निगेचा अभाव असं मी म्हणणार नाही, टेम्पो आणि ट्रॅक्टर यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण काटक आहे म्हणून आपोआप टिकेल, या भरवशाला या आकड्यात फारसा आधार सापडत नाही.

खराऱ्याला लाड म्हणणाऱ्यांनी तो एकदा नीट करून पाहावा. लोखंडी दातांचा खरारा मानेपासून मागं, मांसल भागावर गोल गोल, दाबून. पायाच्या नळ्यांवर आणि तोंडावर लोखंड लावायचं नाही, तिथं गवताची जुडी. मग केसांच्या दिशेनं ब्रश, शेवटी ओलसर फडकं. चकाकी ही यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. खरं काम बोटं करतात. फाल्गुनात केस सैल झालेले असतात, त्याखालची कातडी एरवी दिसत नाही ती दिसते: हिवाळ्यात धरलेली खरूज, कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी आणि जांघेत चिकटलेल्या गोचिड्या, पुढच्या पायांच्या केसांवर बोटमाशीची बारीक पिवळसर अंडी. खोगीर जिथं टेकतं तिथं खांद्याच्या उंचवट्यावर हात फिरवला की घोडी पाठ खाली घेते का? घेत असेल तर तिथं सूज आहे, डोळ्याला अजून न दिसणारी. त्यावर नवरदेवाचं जरीचं, आत चिंध्या गोळा झालेलं खोगीर तीन रात्री बसलं की सूज फुटते. मग जखमेवर हळद आणि त्यावर पुन्हा तेच खोगीर, कारण सुपारी घेतलेली असते. फाल्गुनात ती सूज सापडली असती तर पंधरा दिवस पाठ मोकळी ठेवून आणि खोगिराची भरती उसवून पुन्हा भरून काम भागलं असतं. तंगाचा पट्टा जिथं काखेत घासतो तिथलंही तसंच.

खुरांची तर आपल्याकडं वेगळीच अडचण आहे. बीदरच्या पठारावर जांभा, कलबुर्गीकडं काळी माती, आणि दोन्हीकडच्या अंगणांत शहाबादी फरशी. दगड आपल्याच जिल्ह्यातला, स्वस्त, धुवायला सोपा. माणसाला छान, पण त्यावर बांधलेल्या घोड्याला जाच. उन्हाळ्यात दुपारी ती तापते, संध्याकाळी धुतली की नाल मारलेला पाय तिच्यावर सटकतो, आणि मुताचा ओलावा मुरायला जागा नसल्यानं खुराच्या तळाची कातरी कुजते. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे दिवाळीला केलेला पाय शिवरात्रीपर्यंत पार बदललेला असतो. लांबलेल्या टोकावर भेग पडते, डांबरी रस्त्यावर रोज रात्री आपटून ती वर चढते. नालबंद मिळत नाही ही तक्रार खरी आहे. जे आहेत ते बहुतेक बैलांचे, आणि बैलाच्या दुभंगलेल्या खुराचं काम घोड्याच्या एकसंध खुराला जमतंच असं नाही. म्हणूनच तर फाल्गुनात शोधायचा. वैशाखात सापडला तरी तो घाईत ठोकतो, खिळा जिवंत भागात गेला तर सराईभर घोडी लंगडी.

दाण्याच्या बाबतीत ‘काटक’ हा युक्तिवाद सरळ घात करतो. घोड्याला उलटी होत नाही, त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान. चुकीचं किंवा जास्त पोटात गेलं की परतीची वाट नाही. आपल्याकडं शिमग्याच्या सुमारास हरभरा निघतो. खळ्याजवळ मोकळी सुटलेली घोडी नवा हरभरा पोटभर खाते आणि मालक कौतुकानं सांगतो, अंग धरायला लागली. दुसऱ्या दिवशी पोटशूळ, किंवा पोट निभावलं तर पाय आखडतात, खुराच्या आतला जिवंत थर सुजतो, आणि ती घोडी पुढचे पाय पुढं टाकून मागच्या पायांवर भार घेत उभी राहते. नाचल्यानं थकली, असं तेव्हा म्हटलं जातं. त्यात वरातीतल्या बुंदीचे मुठी-मुठी घास. पाहुण्यांचं प्रेम, घोडीचं मरण. हरभरा, हुलगे चालतात, भिजवून, मोजून, थोडे थोडे वाढवत. आणि कडबा नुसता कोरडा असेल तर पाणी दुप्पट लागतं, नाही तर तो आतड्यात बोळा होऊन बसतो. सावलीत उभ्या तट्टालाही उन्हाळ्यात दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं, कामाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. घोड्याचा घाम खारट, माणसाच्या घामापेक्षाही. मिठाचा खडा गव्हाणीत ठेवायला किती पैसे लागतात?

घामाचा विषय निघालाच आहे तर एका ठाम समजुतीबद्दल बोलायला हवं, कारण ती सांगणारे स्वतःला जाणते म्हणवतात. घामेजल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की शिरा आखडतात, काम संपल्यासंपल्या पाणी पाजलं की पोट धरतं. म्हणून तापलेली, फेसाळलेली घोडी वरातीनंतर तासभर तशीच बांधून ठेवायची. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उष्ण, दमट हवेत पळणाऱ्या घोड्यांवर खास अभ्यास झाले, आणि बर्फाच्या पाण्यानं गार केलेल्या घोड्यांच्या शिरा काही आखडल्या नाहीत. त्यांचं ताप उतरणं वेगानं झालं, एवढंच. बादल्यांनी पाणी ओता, सगळ्या अंगावर, थांबू नका. प्यायलाही द्या. घोडा तापून कोसळतो तो पाण्याअभावी.

वेळ नाही, पैसा नाही, हा शेवटचा बचाव. खराऱ्याला सकाळचा अर्धा तास लागतो. मोठा खर्च एकच, नालबंदाचा. उलट सराईतल्या चार रात्री घोडी बसली तर घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागतात, त्या वेळी पैसा कुठून येतो? वेळेचं म्हणाल तर पंचांगच वेळ देतं. शिवरात्री ते पाडवा हा महिना-सव्वा महिना आपल्याकडं तुलनेनं मोकळा. याच दिवसांत धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि रक्ताची तपासणी उरकायला हवी. माळेगावच्या खंडोबाला घोडी जाऊन आलेली असते, तिथं शंभर गावच्या घोड्यांच्या नाकाला नाक लागलेलं असतं. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि तपासणीत निघाला तर कायद्यानं ते जनावर संपवावं लागतं. या भीतीनं तपासणी टाळणारे मला माहीत आहेत. त्यांच्या घरातली पोरं त्याच घोडीच्या तोबऱ्यात हात घालतात. अख्ख्या कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ बीदरच्या नंदीनगरात आहे, राज्यभरातून पोरं तिथं शिकायला येतात, आणि त्याच्या फाटकासमोरून आजारी घोडी चालवत नेणारा माणूस ‘आपल्याकडं घोड्याचा डॉक्टर नाही’ म्हणतो.

घोडी वरातीतून सरसकट बंदच करा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं आहे. बंदी आली तर ही जनावरं कुरणात चरतील असं त्यांना वाटतं. ती कुठं जातील हे घोड्यांचा बाजार पाहिलेल्याला विचारा. पण काटेरी लगामाच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. भारवाहू जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत काटे असलेला लगाम आणि टोचणारं साहित्य वापरायला सरळ मनाई आहे. तरी अशा लगामांशिवाय घोडी नाचत नाही म्हणून ते सर्रास चढवले जातात. घोडी नाचते ती जिभेला काटा टोचतो म्हणून. गुळगुळीत लगामाची सवय लावायला काही आठवडे लागतात, आणि ते आठवडेही फाल्गुनातलेच. सराईत कुणी सवय लावत नाही.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. पारा ३७ अंशांवर गेलेला असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावराकडून ओझं वाहून घ्यायचं नाही. आपल्याकडं चैत्र-वैशाखात जवळपास रोज हे कलम लागू होतं, आणि आपली लग्नं साडेबाराच्या मुहूर्ताची. परण्या मारुतीला निघतो अकरानंतर, डीजेसमोर पोरं नाचत राहतात, देवळापर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर कापायला दीड तास लागतो, आणि नवरदेवाच्या पुढ्यात भाचा, मागं पुतण्या. यात घोडीवाल्याचं काही चालत नाही हे मलाही कळतं. वरबापासमोर तो कसा बोलणार? पण सुपारी घेताना तो बोलू शकतो. किती वाजता निघायचं, किती वेळ, पाठीवर किती जण, हे तिथंच ठरवून घ्यायचं. बँडवाले घेतातच की. आणि वरबापालाही त्यात अडचण नसावी. मुहूर्त साडेबाराचा असेल तर परण्या नऊला काढा. मारुती नऊलाही देवळातच असतो.